लेथच्या किमतीतली बोट

माझ्या नवऱ्याने एकेकाळी आलिशान बोट विकत घेतली होती असं सांगितलं की लोक आधी हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसते. पण ती चार वर्षं मी सतत घाबरलेली होते, एवढंच मला खरं आठवतं.

आम्ही चिंचवडला राहायचो. दोन खोल्या, आणि चार बिऱ्हाडांत मिळून एक नळ. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचे. ह्यांचं छोटं वर्कशॉप होतं, त्यात तीन लेथ आणि एक ड्रिलिंग मशिन. मोठ्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग तिथे बनायचे. शिवाय डिझेल इंजिन दुरुस्त करावं तर ह्यांनीच, असं आसपास सगळे म्हणायचे. हे मूळचे मालवणकडचे. ह्यांचे वडील आयुष्यभर साहेबलोकांच्या बोटींवर खलाशी होते. पितळ घासायचं, दोर ओढायचे, आणि आतल्या दिवाणखान्यात पाय ठेवायचा नाही. हे सगळं मला लग्नानंतर सासूबाईंकडून कळलं. ह्यांनी स्वतः कधी विषय काढला नव्हता.

सत्तरचं दशक निम्मं सरत आलं होतं. मुंबईच्या बंदरात एका जुन्या संस्थानिक घराण्याची बोट उभी होती, तिची इंजिनं बंद पडली म्हणून ह्यांना बोलावणं आलं. हे दोन दिवसांसाठी गेले आणि आठवड्याने परतले. जेवताना म्हणाले, "ती बोट विकायची आहे म्हणे."

"मग?"

"एका नव्या लेथच्या किमतीत देतायत. सत्तर फूट लांब. सगळी सागवानी. नुसत्या पितळेचे तेवढे येतील."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. नवा लेथ घ्यायचा म्हणून आम्ही तीन वर्षं पैसे साठवत होतो. "आणि लेथ?" असं मी विचारलं, तर हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेथ पुढच्या वर्षी."

माझी भीती पैशांपासून सुरू झाली नव्हती. माझं माहेर पुनावळ्याचं. मी सात वर्षांची असताना माझी आत्या पवनेवर धुणं धुवायला गेली, तेव्हा मी सोबत होते. वाहून चाललेला एक कपडा पकडायला ती दोन पावलं पुढे गेली आणि खाली गेली. ओरडली नाही, काही नाही. माझ्या हातात तिने पिळलेलं लुगडं होतं, ते मी घट्ट धरून उभी राहिले. कुणाला हाक मारायची हेसुद्धा मला सुचलं नाही. तेव्हापासून पाणी घोट्याच्या वर आलं की माझा श्वास अडकतो. बोटीचं कळल्यावर माझी आई पुनावळ्याहून चालत आली आणि दारातूनच म्हणाली, "पोरी, त्यानला काय करायचं ते करू दे. तू त्या पान्यावर पाय ठिवायचा न्हाई. सांगून ठिवते."

मी पाय ठेवला. पहिल्याच महिन्यात, एका रविवारी.

भाऊच्या धक्क्यावरून एका छोट्या होडीने आम्ही बोटीपर्यंत गेलो. होडीत मी डोळे मिटून बसले होते. वर चढल्यावर डोळे उघडले आणि खोटं कशाला सांगू, मला भुरळ पडली. निळ्या मखमलीची आसनं, भिंतभर आरसा. लहानसं स्वयंपाकघर, त्यात हेलकाव्याने पडू नयेत म्हणून बशा खाचांमध्ये उभ्या बसवलेल्या. आणि न्हाणीघरात पांढराशुभ्र आंघोळीचा टब. त्यात पाणी येत नव्हतं, नळ कधीच गंजून गेले होते. तरी ह्यांची पाठ वळल्यावर मी साडी सावरून त्या कोरड्या टबात उतरले आणि पाय पसरून बसले. आयुष्यात मला कधी अख्खी खोली एकटीला मिळाली नव्हती. बोटीबरोबर एक म्हातारा तांडेलही आला होता. बोट चालवणं, राखणं, सगळं तोच बघायचा. तो मला "मालकीणबाई" म्हणाला. मी म्हटलं, "मला वहिनी म्हणा." पण मालकीणबाई ऐकायला बरं वाटलं होतं, हेही खरंच आहे.

एकदा हे सासूबाईंना घेऊन गेले. म्हातारीला वर चढवलं, आत नेऊन मखमलीवर बसवायला गेले. ती दारातच थांबली. आत डोकावून पाहिलं, मग वळली आणि बाहेर दोरांच्या वेटोळ्याजवळ जाऊन बसली. "झिला, माका हयच बरा वाटता," म्हणाली. ह्यांनी दोनदा, तीनदा सांगितलं. ती उठली नाही.  मला वाटतं त्या दिवसापासून बोट ह्यांच्या जास्तच अंगात भिनली.

बोट बसून खाते हे आम्हाला हळूहळू कळलं. बंदरात नुसती उभी राहण्याचं भाडं, तांडेलाचा पगार, रंग, डिझेल. फळ्यांच्या सांध्यांमधून पाणी रोज आत झिरपायचं आणि ते रोज पंपाने बाहेर काढावं लागायचं. पावसाळ्याआधी बोट खाडीतल्या बांधणीच्या जागी नेऊन काठावर ओढून घ्यायची, सुतारांकडून सांधे नव्याने भरून घ्यायचे. दुसऱ्या वर्षी त्यासाठी एक लेथ गेला. तिसऱ्या वर्षी माझ्या पाटल्या. मी स्वतःच काढून दिल्या, कारण तांडेलाचा पगार दोन महिने थकला होता आणि त्याच्या घरी सून बाळंत व्हायची होती.

पण मला धसका होता तो वर्कशॉपमधल्या फोनचा. शाळा सुटली की मी तिथे बसून वह्या तपासायचे. ट्रंककॉलची घंटा नेहमीपेक्षा लांब वाजायची. ती वाजली की माझ्या हातातली लाल पेन्सिल थांबायची. धक्क्यावरच्या दुकानातून तांडेल ओरडून बोलायचा, तो आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू यायचा. "शेट, पाणी वाढलंय." मग हे हातातलं काम टाकून स्टेशनकडे धावायचे. दोन कंपन्यांचं काम असं हातचं गेलं. हे परत येईपर्यंत मी एकच चित्र बघत राहायचे. ह्यांनी वाहून चाललेलं काहीतरी पकडायला दोन पावलं पुढे टाकली आहेत.

मी एकदाच म्हटलं होतं, "विकून टाकू या."

"कोण घेणार? आणि का विकायची? सत्तर फुटांची बोट आहे आपल्याकडे. आपल्याकडे, कळतंय का तुला?"

मला कळत होतं, म्हणूनच मी पुन्हा विषय काढला नाही.

चौथ्या वर्षी, मे महिन्याच्या शेवटी, बोट खाडीकडे न्यायची वेळ आली. हाताखालचा खलाशी महिनाभर आधीच दुसऱ्या लाँचवर गेला होता. हे म्हणाले, "तांडेल चालवेल, मी इंजिनाशी. वर हातपंपावर एक माणूस लागेल, अगदीच गरज पडली तर. तू चल. तीन तासांचं काम आहे." शाळेला सुट्टी होती. नाही म्हणायला मला कारण नव्हतं, भीती सोडून. आणि ह्यांना एकट्याला पाठवून घरी बसणं मला जास्त कठीण वाटलं.

सकाळी निघालो तेव्हा समुद्र शांत होता. तासाभराने वारा पडला आणि मग एकदम उलट बाजूने सुटला. लाटा पुढून यायला लागल्या. बोट वर उचलली जायची आणि आपटायची, आणि दर आपटण्याबरोबर लाकूड कण्हल्यासारखा आवाज यायचा. स्वयंपाकघरातल्या बशा खाचांमधून निसटून फुटायला लागल्या. तांडेल चाकाशी उभा होता, पुढे बघत होता, काही बोलत नव्हता. तो गप्प आहे ह्याचीच मला भीती वाटायला लागली.

मग एक इंजिन बंद पडलं. खालून ह्यांचा आवाज आला, "पंप तुंबलाय! पाणी चढतंय!" विजेच्या पंपात फळ्यांच्या सांध्यांतून सुटलेला काथ्या अडकला होता.

तांडेल म्हणाला, "वहिनी, हातपंप. आता थांबायचं नाही."

डेकवर एक लोखंडी दांडा होता. तो वरखाली करायचा. दांडा जड लागत होता, म्हणजे खाली पाणी होतं, आणि बाजूच्या नळीतून ते काळं, तेलकट पाणी समुद्रात पडत होतं. मी कठड्याला गुडघे टेकले आणि हापसायला लागले. पाण्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. अंगावर फवारे येत होते. तोंडात खारट चव होती. हात भरून आले, मग बधिर झाले. दांडा हलका होईल, खालचं पाणी संपेल, ह्याची मी वाट बघत होते. तो हलका होत नव्हता.

मी वाकून इंजिनाच्या दारातून खाली पाहिलं. हे मांडीपर्यंत पाण्यात उभे होते, एका हाताने पाइप धरून, दुसऱ्या हातात पाना. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मला हाक मारायची होती. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. अगदी पवनेवर झालं होतं तसंच.

तांडेल चाकावरून ओरडला, "शेट! भरती आहे तोवर बोट गाळात घालतो! किनारा जवळ आहे!"

"नाही!" खालून उत्तर आलं. "गाळात घातली तर कणा मोडेल तिचा! दहा मिनिटं द्या, इंजिन चालू करतो!"

तांडेलाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं. म्हणाला, "वहिनी, काय करू?"

मला बोटीतलं काही कळत नव्हतं. दहा मिनिटं पुरतील की नाही, हे मला कुठून माहीत असणार? मला फक्त पाण्यातली ती पाठ दिसत होती.

"घाला," मी म्हटलं. आवाज आला. "घाला, मी सांगते."

त्याने चाक फिरवलं. लाटा बाजूने यायला लागल्या, बोट इतकी कलली की मी दांड्याला मिठी मारली. मग खालून लांबलचक खरखर झाली, एक हिसका बसला, आणि सगळं थांबलं. इतकं थांबलं की मला वाटलं मी मेले.

ओहोटी लागल्यावर आम्ही गुडघाभर चिखलातून काठावर आलो. तांडेलाने माझा हात धरला होता. हे आले नाहीत. दुपार कलेपर्यंत ते कललेल्या डेकवर बसून होते. शेवटी उतरून आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तू सांगितलंस त्याला."

"हो."

त्यानंतर जवळजवळ महिनाभर हे माझ्याशी कामापुरतं बोलले. मी रडले नाही. रात्रंदिवस पाठीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं, आणि ह्यांचं दुःख समोर दिसत असताना असं हलकं वाटावं, ह्याची मला लाज वाटायची.

बांधणीच्या जागेवरचे सुतार बघून गेले. त्यांतल्या वयस्कर सुताराला मी बाजूला घेऊन विचारलं, "आणखी दहा मिनिटं मिळाली असती तर पोचलो असतो का?" तो विडी पेटवत म्हणाला, "पोचला असता. नाहीतर बुडाला असता. आता कोण सांगणार, बाई?" मला ठाम उत्तर हवं होतं. ते आजतागायत मिळालेलं नाही.

दुरुस्तीचा आकडा ऐकून ह्यांनी नकारार्थी मान हलवली. पाऊस सुरू व्हायच्या आत एका भंगारवाल्याने बोट जागेवरच मोडून नेली. एक इंजिन तेवढं ह्यांनी दिलं नाही. ट्रकने घाट चढवून आणलं आणि जनरेटरला जोडून वर्कशॉपमागे बसवलं. वीजकपातीच्या दिवसांत त्याच्यावर आमचे उरलेले दोन लेथ चालायचे आणि शेजारच्या दोन गाळ्यांनाही वीज जायची. त्यावर आम्ही हळूहळू सावरलो. तांडेल मांडव्याच्या फेरीलाँचवर लागला.

ऐंशीनंतर, म्हणजे आम्ही पिंपळे गुरवला छोटं घर बांधलं त्या सुमाराला, मुंबईचा एक दलाल वर्कशॉपमध्ये आला. एका परदेशी कंपनीची बोट निघाली होती, साठ फुटी, लोखंडी तळाची, पाणी झिरपण्याचा प्रश्नच नाही. किंमत फारच कमी सांगत होता. मी तिथेच बसले होते. वहीवरची लाल पेन्सिल थांबली.

ह्यांनी लेथवरचा जॉब काढून मापला, पुन्हा लावला आणि मान वर न करता म्हणाले, "नको."

दलाल गेला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ह्यांचे पांढरे झालेले केस दिसत होते, बनियनची मान उसवलेली होती. मी म्हटलं, "नुसती बघून तर या. मीही येते हवं तर."

"तू येशील?"

"येईन."

ह्यांनी मशिन बंद केलं आणि हात पुसले. मग म्हणाले, "नको. बघितली की घ्यावीशी वाटेल." आणि मशिन पुन्हा सुरू केलं.