मृण्मयी घाटावर आईशी बोलली नाही

"अहो सर, खाली या. मृण्मयीचे वडील आलेत आणि तुमचंच नाव घेताहेत," मुख्याध्यापिका बाईंनी इंटरकॉमवर सांगितलं.

नारायण पेठेतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. मृण्मयी दहावीत होती. तिची आई जाऊन दोन आठवडे झाले होते. मला वाटलं, परीक्षेत काही सवलत हवी असेल.

वडील चिडलेले नव्हते, हे जास्त वाईट. त्यांनी सरळ विचारलं, "कावळ्याचं तुम्ही शिकवलंत?"

शिकवलं होतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये डोळ्यांना दिसतं ते निरीक्षण आणि त्यावरून आपण काढतो ते अनुमान. मुलं दोन्हींची खिचडी करतात. म्हणून नववीत मी उदाहरण द्यायचो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, हे निरीक्षण. गेलेल्याची इच्छा पूर्ण झाली, हे अनुमान, आणि तेही कच्चं. कावळ्याला भूक लागली होती, एवढंच! वर्ग खदखदून हसायचा. मलाही माझ्या विनोदाचं भारी कौतुक.

घाटावर तासभर कावळा आला नाही, असं वडील सांगत होते. अशा वेळी घरचे एकेक करून पुढे होतात, हात जोडतात आणि गेलेल्या माणसाला शब्द देतात. आत्या म्हणाली, "मृण्मयी, आईला सांग, बाबांना सांभाळीन म्हणून. त्यातच तिचा जीव अडकलाय." मृण्मयी म्हणाली, "कावळ्याला भूक नसेल." शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. नातेवाईक तिला नको नको ते बोलले.

"मी इंजिनिअर आहे, सर. कावळ्याचं मलाही कळतं," वडील म्हणाले. "पण तिची आई शेवटी व्हेंटिलेटरवर होती. दोघींचं बोलणं राहूनच गेलं. पोरीला आईशी बोलायला घाटावरची तेवढी एकच जागा होती. आता ती घरात कुणाशीच बोलत नाही. तुम्ही बोलून बघा."

मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. तिनेच आधी विचारलं, "सर, माझं अनुमान बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं," मी म्हणालो. मग वर्गात कधी न सांगितलेलं सांगितलं. माझ्या वडिलांच्या दहाव्यालाही कावळा येईना. मी पुढे झालो, हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "अण्णा, आईकडे मी बघतो. तुम्ही निघा." रडलोही. कावळा का येतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

"मग वर्गात का नाही सांगितलंत?"

लाज वाटली होती, म्हणून. विज्ञानाच्या सरांनी हात जोडले, हे पोरांना कुठल्या तोंडाने सांगणार? मी म्हणालो, "चुकलं माझं. पण तू आता बोल. घरी बोल, इथे बोल. त्याला कावळा लागत नाही."



"तेव्हा आई ऐकतेय असं वाटलं असतं, सर. आता नाही वाटत."

ती रडली नाही. मलाच तिच्यादेखत रडू आवरेना.

मृण्मयी उत्तम मार्कांनी पास झाली. आता खराडीला नोकरी करते, वडिलांना नीट सांभाळते. रस्त्यात दिसली की नमस्कार करते, थांबत मात्र नाही.

मुलं वर्गात लक्ष देत नाहीत, अशी माझी तीस वर्षं तक्रार होती. हिने दिलं होतं.