सुकेळीवर पडलेला पाऊस

वसईजवळच्या गिरीजच्या ग्लोरिया परेराला प्रश्न विचारायची खोड लहानपणापासूनची. गासला माहेरी असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात फादरांनी नोहाच्या तारवाची गोष्ट सांगितली, तेव्हा हिने हात वर केला. "फादर, पुरात सगळे पापी बुडाले. मग माशांचं काय? ते तर मजेत असतील." वर्ग खिदळला. फादरही हसले, तिला मदर मेरीचं चित्र बक्षीस दिलं आणि पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं. बक्षीस कशाचं आणि शिक्षा कशाची, हाही प्रश्न तिला पुष्कळ दिवस पडला होता.

लग्न होऊन ती गिरीजला आली ती सुकेळी करणाऱ्या घरात. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उंच मांडवावर उन्हात मांडायची. दिवस कलला की गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. आठवडाभरात ती आक्रसून मधाच्या रंगाची झाली की केळीच्या वाळक्या पानांत बांधायची. काम सोपं दिसतं, पण ते सगळं उन्हाच्या आणि वाऱ्याच्या हवाली असतं. सासूने शिकवलं, नवऱ्याने, प्लासिडने, साथ दिली. आता सासूही नाही, प्लासिडही नाही. मुलगा डेरिक अंधेरीला नोकरीला जातो. गावातल्या बहुतेक घरांनी हा व्याप सोडून दिला. साठीला आलेली ग्लोरिया मात्र दर हिवाळ्यात मांडव घालतेच. लोक म्हणतात, हौस. ती म्हणते, "हौस नाही गं, सवय. मांडव घातला नाही तर अंगण ओकंबोकं वाटतं."

त्या वर्षी डिसेंबर उजाडला होता. गावात घरोघरी नाताळचे तारे टांगायला सुरुवात झाली होती. मांडवावरची केळी अर्धी वाळली होती, म्हणजे सगळ्यात नाजूक वेळ. दुपारी समुद्राकडून ढग आले. ग्लोरियाने वर बघितलं आणि मनाशी म्हणाली, जातील निघून. ढग गेले नाहीत. तिने धावतपळत केळी गोळा केली, शेजारणी मदतीला आल्या, ताडपत्री टाकली. पण पाऊस नुसता वरून येत नव्हता, वाऱ्याबरोबर आडवा घुसत होता. रात्रभर पडला, दुसऱ्या दिवशीही पडला. हवेत असा ओलावा भरला, की घरात पसरून पंख्याखाली ठेवलेल्या केळ्यांनाही तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आली. आंबूस वास घरभर सुटला. शेवटी तिने आणि डेरिकने वाडीच्या टोकाला खड्डा केला आणि सगळा माल त्यात लोटला.

डेरिकला वाटलं आई आता रडेल. ती खड्ड्याकाठी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "पण हा आला कुठून? याचं इथे आत्ता काय काम होतं?"

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिचा धाकटा भाऊ आल्बर्ट स्कूटरवरून आला. मागे त्याची मुलगी प्रीतल. आल्बर्टची सगळी उमर मालवाहू जहाजांच्या इंजिन खोलीत गेली होती. आता तो गासला निवृत्त होऊन बसला होता आणि जगातल्या प्रत्येक समुद्राविषयी त्याचं एक ठाम मत होतं. प्रीतल मुंबईत एका कंपनीत कामाला होती. ठाम मतांच्या बाबतीत बापाची लेक.

"आत्या, हे क्लायमेट चेंज आहे," प्रीतल खुर्चीवर बसता बसताच म्हणाली. "सरळ आहे. माणसाने धूर केला, माणसाने झाडं तोडली. आता भोगा."

"काही नाही गं," आल्बर्ट म्हणाला. "निसर्गाचं चक्र आहे. कधी वर, कधी खाली. अवेळी पाऊस काय आज पडायला लागला? बाय, माझं लग्न आठव."

ग्लोरियाला आठवेना. आल्बर्टला तर आयतीच संधी मिळाली. त्याने तिथूनच बायकोला फोन लावला आणि लग्नाच्या अल्बममधल्या एका फोटोचा फोटो मागवून घेतला. फोनच्या पडद्यावर चर्चची पायरी दिसली, सडपातळ आल्बर्ट दिसला, पांढऱ्या झग्यातली नवरी दिसली, आणि दोघांच्या डोक्यावर कुणीतरी धरलेली काळी छत्री. मागे आणखी छत्र्या. कडेला गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेला खुद्द प्लासिड.

"जानेवारी महिना," आल्बर्ट म्हणाला. "तेव्हा कुठे होतं तुमचं क्लायमेट चेंज?"

प्रीतल म्हणाली, "डॅडी, एका फोटोने काय सिद्ध होतं?"

"आणि आत्याच्या एका खड्ड्याने काय सिद्ध होतं?"

बापलेकीची जुंपली. ग्लोरिया मात्र तो फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिली. प्लासिडचा हसरा चेहरा दिसला म्हणून थोडी, आणि आल्बर्टचं म्हणणं खोटं नाही हे दिसलं म्हणून थोडी. मग प्रीतलचं खोटं का? दोघंही खरी असली तर? पण दोन्ही खरी कशी असतील? दोघं जेवून गेली, आणि हा काटा तिच्या मनात तसाच राहिला.

तीनचार दिवसांनी आशालता ताम्हणकर सुकेळी न्यायला आल्या. या मूळच्या कोकणातल्या, वसईत फ्लॅट घेऊन राहिलेल्या. सगळी नोकरी हवामान खात्यात काढलेली. दर वर्षी नाताळच्या आधी त्या हमखास यायच्या. त्या कुठे नोकरीला होत्या हे ग्लोरियाला माहीत होतं; पण त्याचा आणि केळ्यांचा संबंध आजवर कधी आला नव्हता.

"मॅडम, सुकेळी नाहीत यंदा. पण बसा. चहा घ्या. मला एक विचारायचंय."

आशालताबाई बसल्या. ग्लोरियाने पावसाची हकीकत सांगितली, भावाचं म्हणणं सांगितलं, भाचीचंही सांगितलं आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाली, "आता तुम्हीच सांगा. हा पाऊस देवाचा की माणसाचा?"

आशालताबाई हसल्या नाहीत. "ग्लोरियाताई, याच प्रश्नावर आम्ही ऑफिसात किती भांडलोय! तुमचे भाऊ म्हणतात ते खरं आहे. हिवाळ्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, पाऊस पडतो. आजोबांच्या काळीही पडायचा. समुद्राची काही चक्रंही असतात. दोनतीन वर्षं तापतो, मग निवतो."

"म्हणजे आल्बर्ट जिंकला."

"थांबा की. चक्र म्हणजे काय? वर गेलेलं खाली येतं. पण या सगळ्या चढउताराच्या खालची जमीनच वर सरकत चाललीय. समुद्र निवतो, पण पूर्वीइतका निवत नाही. तापलेल्या समुद्रावरची हवा जास्त पाणी उचलते. मग पडायचा तो पाऊस जास्त जोराने पडतो."

ग्लोरियाने चहा गाळला, कप पुढे ठेवला. "आणि सूर्यच जास्त तापला असेल तर? त्यात माणसाचा काय दोष?"

आशालताबाईंनी कप उचलता उचलता खाली ठेवला. "छान विचारलंत. सूर्य तापला असता तर खालपासून वरपर्यंत सगळी हवा तापली असती. आम्ही फुगे सोडतो ना आकाशात, आणि उपग्रह आहेत, त्यांनी वरची हवा मोजलीय. खालची तापतेय आणि अगदी वरची गार होतेय. माणसाने अंगावर गोधडी घेतली की काय होतं? आत ऊब, बाहेर गारवा. ही गोधडी धुरातल्या कार्बन वायूची आहे. कोळसा, तेल, गॅस."

 मग ग्लोरियाने सगळ्यात अवघड ते विचारलं. "पण माझ्या केळ्यांवर पडलेला? तो कुणाचा?"

"ते मला सांगता येणार नाही," आशालताबाई सरळ म्हणाल्या. "मोठ्या वादळांचा, महापुरांचा असा हिशेब मांडतात आता. पण गिरीजच्या या दोन दिवसांच्या पावसाचा कुणी मांडलेला नाही. एकट्या पावसावर नाव लिहिलेलं नसतं. किती वेळा येतो, किती जोरात येतो, ते बदललंय." उठता उठता त्या म्हणाल्या, "आणि हो, पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगखाली पाणी साठतं, त्याचं खापर मात्र आकाशावर फोडू नका. तिथे खाजण होतं, भरतीचं पाणी पसरायची जागा. भराव कुणी घातला ते सगळ्यांना ठाऊक आहे."

त्या गेल्या. ग्लोरियाला उत्तर मिळालं होतं, पण ते हातात येत नव्हतं. ऐकताना पटलं, आणि आल्बर्टला सांगायचं म्हटलं तर शब्द फुटेनात. नाव लिहिलेलं नसतं, तरी बदललंय. हे त्याला कसं समजावायचं? दोन दिवस भाजी निवडताना, वाडीला पाणी सोडताना तिच्या डोक्यात तेच. आणि मग चर्चच्या मैदानावर नाताळच्या हाऊजीची, आकडे पुकारायच्या खेळाची, तयारी चाललेली बघून ती रस्त्यातच थांबली.

पुढच्या रविवारी ती गासला गेली. जेवणं झाल्यावर पिशवीतून आपल्या घरची हाऊजीची थैली काढून तिने टेबलावर ठेवली. आत नव्वद आकड्यांच्या प्लास्टिकच्या गोट्या.

"तिकिटं कुठेत?" आल्बर्टने विचारलं.

"तिकिटं नको. नवीन खेळ आहे. ऐंशीच्या वरचा आकडा आला की पाऊस. बाकी सगळं ऊन. एक काढायची, बघायची, परत टाकायची."

"हा काय पोरखेळ?"

"काढ तर."

आल्बर्टने काढली. सत्तावीस. ऊन. प्रीतलने काढली. ब्याऐंशी. पाऊस. दोघंही कुरकुरत खेळू लागली, मग रंगली. पाऊस. ऊन. पाऊस. पाऊस. आल्बर्ट इंजिनात वाढलेला माणूस. आवाज बदलला की नट ढिला झाल्याचं त्याला कळायचं. त्याने हात थैलीत तसाच ठेवला आणि बहिणीकडे बघितलं.

"बाय, तू यात काहीतरी केलंयस. एवढा पाऊस नाही यायचा."

"शेजारणीच्या संचातल्या ऐंशीच्या वरच्या गोट्या घातल्यात," ग्लोरियाने कबूल केलं. प्रीतल हातातली गोटी नाचवत ओरडली, "बघा डॅडी! बघा!"

"तू थांब," ग्लोरिया भाचीला म्हणाली. "तुझ्या हातात आत्ता शहाऐंशी आहे. ती माझी पहिल्यापासूनची की शेजारणीची?"

प्रीतलने गोटी उलटीसुलटी करून बघितली. दोन्ही संच एकाच दुकानातले. "कसं कळणार?"

"नाही कळत. म्हणून माझ्या केळ्यांवरचा पाऊस माणसाचाच, असं तुला छातीठोक म्हणता येत नाही. आणि आल्बर्ट, ऐंशीच्या वरचे आकडे आधीही थैलीत होते. तुझ्या लग्नात त्यातलाच एक निघाला. पण म्हणून थैली पूर्वीचीच आहे, असं तुलाही म्हणता येत नाही. हे सगळं मला ताम्हणकर मॅडमनी सांगितलं. गोट्या तेवढ्या माझ्या."

 आल्बर्टला हरायची सवय नव्हती, पण हे हरणं आहे का तेही त्याला नीट ठरवता येईना. त्याने मूठभर गोट्या काढून टेबलावर ओतल्या, एकेक ओळीत लावत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "आमच्या इंजिनात किती तेल जळायचं ठाऊक आहे? डांबरासारखं जाड. चिमणीतून काळा लोट निघायचा, आणि आम्ही वर जाऊन त्याच्याकडे बघत सिगरेट ओढायचो. मस्त वाटायचं." मग एक गोटी बोटाने थैलीकडे ढकलत तो हसला. "म्हणजे मीही टाकल्यात की थोड्या."

"त्या तेलावर आमची शाळा झाली, डॅडी," प्रीतल हळूच म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच बापाशी भांडली नाही.

या सगळ्याने पाऊस थांबणार नव्हता, हे ग्लोरियाला कळत होतं. थैलीतल्या गोट्या तिला एकटीला काढता येणार नव्हत्या. पण पाऊस आता मध्येच येऊ शकतो असं धरून चालायचं, तर मांडव तसाच ठेवण्यात अर्थ नव्हता. नवं वर्ष लागल्यावर आल्बर्टने स्वतःहून मोजमाप घेतलं. त्याने आणि डेरिकने बांबूंवर कमान केली, वर पारदर्शक प्लास्टिक ताणलं, दोन्ही टोकांना कापडी पडदे लावले. ऊन आत यावं, पाणी बाहेर राहावं. आल्बर्ट जहाजावरच्यासारखे हुकूम सोडत होता आणि गावातली माणसं रस्त्यावर थांबून बघत होती.

फेब्रुवारीत पहिला घाणा निघाला. केळी लवकर वाळली, रंग छान आला. ग्लोरियाने एक सुकेळं आल्बर्टला दिलं, एक स्वतः घेतलं. दोघं ओट्यावर बसून सावकाश चावत राहिली.

"गोड आहे," आल्बर्ट म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण वास कमी आहे."

"मलाही तसंच वाटलं."

"तुझी सासू करायची तो वास नाही. ऊन तर तेच आहे."

"ऊन तेच आहे," ग्लोरिया म्हणाली, "वारा नाही." तिने उरलेला तुकडा नाकाशी धरला, पुन्हा हुंगला. वास वाऱ्याने येत असेल? की सावकाश वाळण्याने? की रोज संध्याकाळी झाकून ठेवल्यावर आतल्या आत मुरण्याने? यातलं कुठलं ते एकेक करून बघावं लागणार होतं. तुकडा तोंडात टाकून ती उठली, मांडवाच्या समुद्राकडच्या टोकाचा पडदा वर गुंडाळून बांधला आणि दुसऱ्या टोकाचा तसाच ठेवला.

"आता हे काय?" आल्बर्टने विचारलं.

"बघू तर," ती म्हणाली, आणि सोललेल्या केळ्यांची पाटी उचलून मांडवात शिरली.