मोठी गाडी घरी येऊन गेली

आमच्या डिझेल गाडीला दहा वर्षं पूर्ण व्हायला चार महिने उरले, तेव्हा घरात नव्या गाडीचं बोलणं निघालं. दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल गाडी चालवायची नाही, असा नियम आहे. आमची गाडी ठणठणीत होती, पण नियम प्रकृती विचारत नाही, वय विचारतो. माझ्या सासऱ्यांना हे अजिबात पटलं नाही. ते एकोणऐंशी वर्षांचे होते आणि हा नियम त्यांच्या मनाला लागला.

सासरे सैन्यात ड्रायव्हर होते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून भरती झाले, लडाखपासून आसामपर्यंत ट्रक चालवले आणि शेवटची काही वर्षं नव्या जवानांना गाडी चालवायला शिकवली. निवृत्तीनंतर बरीच वर्षं गावी काढून ते आणि सासूबाई आमच्याकडे नोएडाला राहायला आले. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. तेव्हापासून घरात आम्ही चौघं: सासरे, नवरा, मी आणि बारावीतली मुलगी.

नवऱ्याला प्रमोशन मिळालं होतं, त्यामुळे या वेळी चांगली गाडी घ्यायची असं ठरलं. चांगली म्हणजे कोणती, इथे मतभेद होता. मला एका परदेशी कंपनीची छोटी क्रॉसओव्हर हवी होती. त्याला त्याच कंपनीची मोठी एसयूव्ही हवी होती, सात सीटांची.

"सात सीटांवर कोण बसणार?" मी विचारलं.

"कोणी आलं तर."

आमच्याकडे उन्हाळ्यात उन्हामुळे कोणी येत नाही आणि हिवाळ्यात धुरामुळे. मधल्या काळात मुलांच्या परीक्षा असतात. हे त्यालाही माहीत होतं.

शिवाय गाडी आठवड्यातले पाच दिवस मीच चालवते. माझं ऑफिस नोएडातच आहे. त्याचं गुरुग्रामला आहे, आणि त्याला रक्तदाब असल्यामुळे तो मेट्रोने जातो. म्हणजे ती सात सीटांची गाडी मी एकटीने रोज सकाळी नेणार आणि संध्याकाळी आणणार होते. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला सवय होईल."

एक गोष्ट मला विचित्र वाटत होती. माझा नवरा मिक्सर घ्यायचा तर तीन आठवडे माहिती काढणारा माणूस आहे. भांड्याच्या रबरी रिंगा वेगळ्या मिळतात का, हे त्याने दुकानदाराला फोन करून विचारलं होतं. पण मोठ्या गाडीबद्दल त्याने काहीच तपासलं नव्हतं. ॲव्हरेज विचारलं तर म्हणाला, "देते बऱ्यापैकी."

शेवटी एका रविवारी सकाळी आम्ही चौघंही शोरूमला गेलो. सासऱ्यांना जाणकार म्हणून नेलं होतं. ते ब्लेझर घालून आले होते. गाड्या दाखवायला एक चाळिशीच्या बाई होत्या, शांत आणि नीटनेटक्या. त्यांनी आधी छोटी दाखवली. सासरे गाडीभोवती फिरले, वाकून खालून बघितलं, डिकी उघडायला लावली आणि तिच्या तळाचं झाकण स्वतः उचललं.

"स्टेपनी किधर है?"

"अंकल, इसमें स्टेपनी नहीं आती. पंक्चर किट है." बाईंनी एक लहान पंप आणि एक बाटली दाखवली.

सासरे माझ्याकडे वळले. त्यांना हिंदी उत्तम येते, तरी त्यांनी मला मराठीत विचारलं, "काय म्हणतायत या?"

"चाक नाहीये, बाबा. बाटली आहे."

त्यांनी झाकण खाली ठेवलं आणि ते मोठ्या गाडीकडे चालायला लागले.

मोठ्या गाडीला स्टेपनी होती. पण पायरी उंच होती. सासऱ्यांनी आतला दांडा धरला आणि पाय वर टाकला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. त्यांना हात दिलेला आवडत नाही, म्हणून आम्ही तिघं शेजारच्या गाडीचा रंग बघत उभे राहिलो. तिसऱ्या खेपेला ते वर गेले आणि त्यांनी ब्लेझर नीट केला. मग म्हणाले, "चढता येतं." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"ऐसपैस आहे," सासरे म्हणाले.

"ऐसपैस यानी?" मुलीने विचारलं.

"आजोबांच्या आणि माझ्यामध्ये अजून एक माणूस बसेल," मी सांगितलं.

"अच्छा, स्पेशियस. तर मग स्पेशियस बोला ना."

नवऱ्याने चालवून बघायला गाडी घेतली. बाई त्याच्या शेजारी बसल्या. एक्सप्रेसवेवर चढल्यावर त्या म्हणाल्या, "सर, इसकी रोड प्रेझेन्स बिल्कुल अलग है. लोग खुद साइड दे देते हैं." तेवढ्यात पुढची एक पांढरी गाडी डावीकडे गेली.

"बघ," नवरा मला आरशातून म्हणाला. "बाजूला झाला."

मी मागे वळून बघितलं. ती गाडी तिच्या सेक्टरच्या रस्त्याला उतरली होती.

सासऱ्यांनी बाईंना विचारलं, "आप खुद क्या चलाती हैं?"

"स्कूटी, अंकल."

"उसमें स्टेपनी होती है?"

"उसमें भी नहीं होती," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी नकारार्थी मान हलवली.

गाडी आपल्या पार्किंगमध्ये बसते का ते बघू, असं मी म्हटलं. बाई म्हणाल्या, जरूर. आमच्या सोसायटीत पार्किंग तळघरात आहे. आमच्या जागेच्या एका बाजूला खांब आहे आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची गाडी. मुलगी गेटवरच उतरून गेली. तिला अंदाज आला असावा.

नवऱ्याने आरसे मिटले आणि गाडी इंचाइंचाने आत घातली. गाडी बसली. ती इतकी नेमकी बसली की दोन्ही बाजूंना एकेक वही उभी राहील एवढी जागा उरली. त्याने इंजिन बंद केलं आणि दार उघडायला गेला. दार चार बोटं उघडलं. माझ्या बाजूचं तीन.

आम्ही चौघं आत बसून राहिलो.

"फिट तो हो गई, सर," बाई म्हणाल्या.

"हो गई," नवरा म्हणाला.

"आता उतरायचं कसं?" मी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांनी आधीच उतरायचं, बाहेर. मग मी एकटा आत लावणार."

"आणि तू?"

त्याने जरा विचार केला. "डिकीतून."

मला वाटलं, तो बोलून थांबेल. पण त्याने बटण दाबून डिकी उघडली, बूट काढले आणि तो खरोखरच निघाला. आधी दोन पुढच्या सीटांच्या मधून आला. मग आमच्या रांगेवरून, सासऱ्यांच्या गुडघ्यांना धक्का न लावता. सासऱ्यांनी पाय आवळून घेतले आणि "डावीकडून घे" म्हणाले. शेवटच्या रांगेची पाठ आडवी करायची कशी ते बाईंनी पुढे बसून समजावलं. तिथे त्याचा शर्ट पट्ट्याच्या हुकात अडकला. तो सोडवेपर्यंत तो पोटावर आडवा होता आणि त्याचं डोकं डिकीच्या बाहेर आलं होतं. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या बाई भाजीची पिशवी घेऊन लिफ्टकडे चालल्या होत्या.

"नमस्ते भाईसाहब. नई गाड़ी?"

"नमस्ते. देख रहे हैं."

"बहुत बड़ी है."

"जी."

त्या गेल्यावर तो उतरला. बूट आतच राहिले होते. मोज्यांवर उभा राहून त्याने गाडीकडे एकदा पाहिलं. मग ज्या वाटेने उतरला त्याच वाटेने परत आत आला, कारण त्या फटीतून गाडी बाहेर काढायचं काम त्याला दुसऱ्या कोणाला द्यायचं नव्हतं. सासऱ्यांनी पुन्हा पाय आवळून घेतले.

शोरूमच्या बाई गाडी परत घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "सोचकर बताइए, सर, कोई जल्दी नहीं है."

मला वाटलं, प्रश्न मिटला. पण वर येऊन चौघं चहा घेत असताना नवरा म्हणाला, "सेक्रेटरीला विचारतो. वरच्या पार्किंगमध्ये जागा बदलून मिळेल."

"तुला हीच गाडी का हवी आहे?" मी विचारलं. "मिक्सरला तू तीन आठवडे लावलेस."

"मिक्सरचं काय मध्येच?"

"मला नीट सांग."

तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मोठ्या गाडीला लोक बाजूला होतात."

"होऊ देत. मग?"

"मग काही नाही. त्या दिवशी झाले नाहीत."

तो कुठल्या दिवसाबद्दल बोलतोय, ते आम्हा तिघांनाही कळलं. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कधीच बोलणं झालं नव्हतं. दुपारी जेवण झाल्यावर सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर वीस मिनिटं लागतील म्हणाले. म्हणून आम्ही आमच्याच गाडीने निघालो. नवरा चालवत होता, सासरे त्याच्या शेजारी. मागे सासूबाई आडव्या होत्या, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. यमुनेच्या पुलाच्या अलीकडे रस्ता तुंबला होता. पुढे काय झालं होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. नवरा हॉर्न दाबून बसला, मग काच खाली करून हात जोडायला लागला. आजूबाजूचे लोक बघत होते, पण कोणी हललं नाही. सासूबाई मला एकदा म्हणाल्या, "त्याला म्हणावं, हॉर्न नको वाजवूस." मी ते त्याला सांगितलं नाही. पूल ओलांडायच्या आधीच त्या गेल्या. गाडी सुटल्यावर आम्ही हॉस्पिटलला गेलोच, पण तिथे डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"मी पुढे बसलो होतो," ते म्हणाले. "तू आईला आरशात बघत होतास. मी रस्ता बघत होतो."

नवऱ्याने मान वर केली.

"आपल्या मागे, दोन गाड्या सोडून, एक ॲम्ब्युलन्स होती. भोंगा चालू होता. आठवतं?"

"नाही."

"होती. तिलाही कोणी रस्ता दिला नाही."

"आपण दिला?"

"आपण कुठून देणार? आपल्याला हलायला जागा नव्हती." त्यांनी कप थोडा सरकवला. "तिच्यात कोण होतं, त्याचं काय झालं, मी बरेच दिवस विचार करत होतो. ते लोकही आपल्याला शिव्या देत असतील. पुढची गाडी बाजूला होत नाही म्हणून."

मी चहाचे कप गोळा करायला घेतले आणि परत तिथेच ठेवले.

"मी टँक लादलेली गाडी चालवली आहे," सासरे म्हणाले. "तिच्याएवढी मोठी गाडी तुला शोरूममध्ये कोणी दाखवणार नाही. तीही अडकते. जास्तच अडकते, कारण वळवता येत नाही. तुला मोठी घ्यायची तर घे. मला चढता येतं. पण त्या दिवसासाठी घेऊ नकोस."

नवरा उठून गॅलरीत गेला आणि झाडांना पाणी घालायला लागला. सकाळी मी घातलं होतं. तुळशीच्या कुंडीतून पाणी खाली सांडायला लागलं तरी तो घालत होता. मी त्याला थांबवलं नाही. खालच्या मजल्यावरून "पानी आ रहा है" अशी हाक आली, तेव्हा तो आत आला. त्याचे डोळे लाल होते. मुलीने विचारलं, "बाबा, ठीक हो?" तो म्हणाला, "बिल्कुल." रात्रीचं जेवण तो नेहमीसारखाच जेवला.

पुढच्या आठवड्यात मोठ्या गाडीचं नाव निघालं नाही. मग एका सकाळी तो मेट्रोला निघताना दारातून म्हणाला, "छोटीत निळा रंग मिळतो का विचार." मी शोरूमला फोन केला. मिळत होता. सासऱ्यांनी एकच अट घातली: पूर्ण मापाचं जादा चाक घ्यायचं. ते डिकीत ठेवल्यावर तिथे एका बॅगेपुरती जागा उरते. आमची सगळी वादावादी आता दुसऱ्या बॅगेवरून होते.

जुनी गाडी न्यायला दलालाचा माणूस आला, तेव्हा नवरा घरी नव्हता. त्याने तीच वेळ दिली होती, हे मला नंतर कळलं. किल्ली मीच दिली. सासरे खाली आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही टायरांवर पाय दाबून बघितला आणि त्या माणसाला म्हणाले, "हवा ठीक है." गाडी गेटबाहेर जाईपर्यंत ते ताठ उभे होते.

नवी गाडी आणायला पुन्हा चौघं गेलो. बाईंनी हार घातला, फोटो काढले, आणि किल्ली नवऱ्यापुढे धरली. त्याने ती माझ्या हातात दिली.

"तूच चालव. रोज तूच चालवणार आहेस."

सासरे माझ्या शेजारी बसले. नवरा मुलीबरोबर मागे बसला. त्या दिवसानंतर तो कुठल्याही गाडीत मागे बसला नव्हता, टॅक्सीतसुद्धा ड्रायव्हरच्या शेजारी बसायचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी आरशात पाहिलं. त्याने पट्टा लावला होता आणि तो खिडकीबाहेर बघत होता. मुलीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि ती फोनमध्ये फोटो निवडत होती.

घराच्या अलीकडच्या चौकात गर्दी लागली. मी ब्रेकवर पाय ठेवून थांबले.

"क्लच दाबून धरू नकोस," सासरे म्हणाले. "प्लेट जळते."

"बाबा, यात क्लच नाहीये."

त्यांनी खाली वाकून बघितलं. "मग डावा पाय काय करतो?"

"काही नाही."

"नुसता बसून असतो?"

"हो."

पुढच्या गाड्या हलल्या, आम्हीही हललो. सासरे पुढच्या सिग्नलपर्यंत माझ्या डाव्या पायाकडे बघत होते.

"बरं आहे त्याचं," ते म्हणाले.