पोटातल्या गाठीचं ऑपरेशन

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "स्त्रीबीजं कमी होत चाललीत. लग्न ठरायचं तेव्हा ठरू दे, ती आत्ताच काढून गोठवून ठेव." मी पस्तिशीची, शाळेत शिकवणारी, बिनलग्नाची. मूल मला हवंच होतं. नवऱ्याचं एक वेळ चाललं असतं.

सोलापुरात बोभाटा नको म्हणून पुण्याला गेलो. आई सोबत आली, पण तिच्या जिभेवर तो शब्द येईना. आमच्या घरात अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही, आणि इथं पोरीचीच काढायची. परतल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं तर आईनं ठोकून दिलं, "पोटात गाठ होती, ऑपरेशन झालं." मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणे, "खरं सांगून लग्न जमंल व्हय? गप बस की."

त्याच वर्षी दुधनीचं स्थळ आलं. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला. घरी कानडी, बाहेर मराठी, बोलायला मोकळा. दोनदा भेटलो. आईनं नवी पेठेत साडीसुद्धा बघून ठेवली. मला तो आवडला होता, आढेवेढे कशाला घ्यायचे. मग एकाएकी त्यांचे फोन बंद. पुढची स्थळंही तशीच, चहा पिऊन गेली ती गेलीच. माझ्यात काय खोट आहे ते कुणी तोंडावर सांगेल का, म्हणून मी नुसती चडफडायचे.

चाळिशी उलटली. एक दिवस मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "लोकांचं मरू दे. एकटीलाबी मूल होतं म्हणे आता. जा, कर." मला रडूच कोसळलं. परत पुणं. गोठवलेली बीजं बाहेर काढली तेव्हा बरीचशी तिथंच गेली. उरलेल्यांतून, अनोळखी दात्याच्या मदतीनं, एकच गर्भ तयार झाला. तो पोटात ठेवला. रुजला नाही. आता नवीन बीजं मिळायची आशा नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

घरी आलो तर काकू दारातच. "कुटं गेलता दोघी?"

आईत खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. पहिल्या ऑपरेशनपासून सगळं सांगून टाकलं.

काकू पायरीवर बसल्या. "म्हणजे गाठ नव्हतीच? तवाच सांगायचं की गं. दुधनीवाल्यांनी माझ्याकडं चौकशी केलती. पोरीच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, मूल हुईल का न्हाय देव जाणे, असं मीच सांगितलं त्यांना."

मला काकूंचा रागसुद्धा येईना. त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी पुढं सांगितलं होतं. आई आत गेली आणि भाताला तांदूळ काढले, दोघींपुरते.