व्हरांड्यातला सातवा खांब

आमच्या शाळेचा इतिहास कुणी विचारला, की माझ्या वेळचे विद्यार्थी दारावरच्या कोरीव दगडाकडे बोट दाखवतात. मी व्हरांड्यातला सातवा खांब दाखवतो. लोक हसतात. हसू देत बापडे. त्या खांबाच्या बुडाशी काय आहे हे माहीत असलेला मी आता एकटाच उरलोय.

शाळा बेळगावच्या कॅम्पात, कॅथलिक पाद्र्यांची. आधी ती घोड्यांच्या एका जुन्या पागेत भरायची. मी दाखल झालो तेव्हाही लहान वर्ग पागेतच होते. ज्या दगडी गव्हाणीत पूर्वी घोडे तोंड घालायचे, त्यात मुलं पाट्या आणि टोप्या ठेवायची. पुढे मॅट्रिकपर्यंतचे वर्ग काढायचं ठरलं आणि पाद्र्यांनी लांब व्हरांड्याची नवी इमारत उभारायला घेतली. तिचं सागवान आमच्या जोयड्याच्या डोंगरातून गेलं. पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, तिथल्याच गुंद गावचे. पावसाळ्यात भातशेती आणि उरलेले महिने जंगलात कुऱ्हाड, असं त्यांचं वर्ष जायचं. व्हरांड्याचे सगळे खांब त्यांच्याच हातचे. ओंडका तासून चौकोनी केला, की बुंधा कुठला आणि शेंडा कुठला हे परक्या माणसाला चटकन कळत नाही. म्हणून आप्पा बुंध्याकडच्या टोकाला कुऱ्हाडीचे तीन घाव घालून ठेवायचे. झाड रानात जसं उभं होतं, तसंच ते घरातही उभं राहिलं पाहिजे, बुंधा खाली आणि शेंडा वर. खांब उलटा लागला तर त्या घरातल्या लेकरांचं भलं होत नाही, असं आमच्याकडे पक्कं मानत. तुम्ही मानू नका हवं तर. आप्पा मानायचे.

शेवटची गाडी भरायच्या दिवशी आप्पांना सडकून ताप होता. खुणा करायच्या राहिलेले पाच खांब त्यांनी माझ्यावर सोपवले. मी तेव्हा बारा वर्षांचा आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. लाकडावरून तळहात फिरवायचा, एकीकडून गुळगुळीत लागतं आणि उलटीकडून अडतं, त्यावरून ओळखायचं, हे मला शिकवलेलं होतं. चार खांबांना मी तसं केलं. पाचव्याच्या वेळी गाडीवान घाई करायला लागला, बैल जुंपून तयार होते, आणि मी नुसत्या नजरेनं बघून तीन घाव घातले. गाडी अळणावर गावच्या स्टेशनाकडे निघाल्यावर मनात पाल चुकचुकली. मी काही बोललो नाही.

लाकूड बघायला आलेल्या मुख्य पाद्र्यांनी मला आमच्या अंगणात मोठ्यानं धडा वाचताना ऐकलं होतं. इमारत पुरी झाल्यावर त्यांचा निरोप आला, मुलाला पाठवा, बोर्डिंगात राहील. आई घाबरली. पोरगं बाटलं तर काय करायचं, म्हणून दोन दिवस धड जेवली नाही. आप्पांनी तिला एवढंच सांगितलं, "आपलं लाकूड हुबं हाय तितं. पोर परक्याच्या घरी न्हाई चाललं."

हे वाक्य मी बेळगावात पोचेपर्यंत घोकत होतो. पोचल्यावर पहिलं काम काय केलं, तर एकेका खांबावरून खालून वर हात फिरवला. सहा खांबांवरून हात सरसर गेला. सातव्यावर अडला.

मला शाळा आवडली होती. उगाच तोंडदेखलं सांगत नाही. भूमितीच्या तासाला मला भूक लागायची नाही, यावरून काय ते समजा. पुस्तकांचं एकच कपाट होतं, त्याची किल्ली पाद्री माझ्याकडे देऊ लागले होते. ते समुद्रापलीकडून आलेले, गोऱ्या रंगाचे, लाल दाढीचे. इथली भाषा त्यांनी कोकणी माणसांकडून उचललेली, त्यामुळे अर्धी कोकणी आणि अर्धी मराठी बोलायचे. आम्हाला सगळं कळायचं. शनिवारी ख्रिस्ती मुलं त्यांच्या देवळात एका लाकडी खोक्यापुढे गुडघे टेकून आत बसलेल्या पाद्र्यांना आपली पापं सांगायला जायची. आम्ही हिंदू मुलं तेव्हा मैदानात हुंदडायचो. एकेकजण परत आला की तोंड धुतल्यासारखा दिसायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं, पण ते खोकं माझ्यासाठी नव्हतं.

भाताची मळणी आटोपल्यावर आप्पा पहिल्यांदा मला भेटायला आले. खांद्यावर पोह्यांचं गाठोडं होतं. मला जवळ घ्यायच्या आधी ते व्हरांड्यात चढले. मी त्यांच्या मागोमाग गेलो. घरची गुरं थोपटावीत तसा एकेक खांब थोपटत ते पुढे येत होते आणि प्रत्येकाचं झाड रानात कुठं होतं ते मला सांगत होते. सातव्याशी त्यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा फिरवून बघितला. मग गाठोडं खाली ठेवून ते पायरीवर बसले.

"ह्यो डोक्यावर हुबा हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पेटी भर. घरला जाऊया."

मी पाद्र्यांकडे धावत गेलो. ते आले, सोबत शाळेचे म्हातारे सुतारही आले. पाद्र्यांनी विचारलं, "भुरग्याक कित्याक व्हरता?" पोराला का नेता, असं. आप्पांनी हात जोडले.

"खांब उलटा लागलाय, सायेब. खूण माजी हुती, चूकबी माजीच. माज्या चुकीचं फळ त्येच्या डोक्यावर नगो."

सुतारांनी मान खाली घातली. "खुणंवर गेलो मी. हात लावून बघाय पायजे हुतं," ते म्हणाले. त्यांनाही ती रीत ठाऊक होती, म्हणून त्यांना जास्त लागलं. दोघे एकमेकांची चूक आपल्याकडे ओढत होते, आणि ज्याची होती तो दाताखाली जीभ धरून उभा होता.

पाद्री हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खांब वर-खाली न्याहाळला आणि सुतारांना विचारलं, फिरवता येईल का. तुळईला टेकू द्यावा लागेल, दोन्ही टोकं पुन्हा घडवावी लागतील, खांब आखूड होईल आणि खाली दगडाची चीप घालावी लागेल, असं सुतार म्हणाले. पाद्री म्हणाले, "मग घाला." आप्पांकडे वळून विचारलं, "खांब सारको जालो म्हणजे भुरगो रावतलो मरे?"

आप्पांनी मान डोलावली. खांब सुलटा झाला तर मी राहणार होतो.

दोन दिवस तयारीत गेले. आप्पा सुतारांच्या शेडात झोपले, त्यांच्याबरोबर टेकूची लाकडं तासली. तिसऱ्या दिवशी तुळईला टेकू लावून खांब उपसला आणि व्हरांड्यात आडवा केला. खांबाखालच्या दगडी तळखड्याच्या खाचेत दडलेलं टोक उजेडात आलं. त्यावर तीन घाव होते, उथळ आणि तिरके. आप्पांचा घाव कसा असतो हे सुतारांनी बाकीच्या खांबांवर पाहिलं होतं. ते बघायला वाकले, पण त्याआधीच आप्पांनी आपला तळहात त्या घावांवर ठेवला होता. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. जणू टेकायला म्हणून हात ठेवलाय.

पायरीवर बसले होते तेव्हाच त्यांना कळलं असणार. ही खूण आपली नाही हे ओळखायला त्यांना खांब उपसायची गरज नव्हती. शेवटचे पाच खांब कुणाकडे दिले होते, हे ते ताप असला तरी विसरले नव्हते.

मला रडू फुटलं. रडत रडतच मी म्हणालो, "ते घाव माझे आहेत. आप्पांना ताप होता. मी हात न फिरवता खूण केली."

सुतार उगाचच दोरी गुंडाळू लागले. पाद्र्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. पोराचा बाप समोर आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

आप्पांनी तासणी घेतली आणि ते तीन घाव छिलून टाकले. मग कुऱ्हाड माझ्या हातात दिली. "फिरीव हात," म्हणाले. मी खांबाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला, परत आणला, पुन्हा फिरवला. बुंधा सापडला. "आता घाल. खोल घाल." मी घातले. पहिला अजून उथळच पडला, तेव्हा त्यांनी माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवून दुसरा आणि तिसरा घालून घेतला.

संध्याकाळपर्यंत खांब उभा राहिला. त्याच्याखाली घातलेली दगडाची चीप आजही दिसते. तिथे बूट पुसणाऱ्या पोरांना ती कशासाठी आहे हे ठाऊक नसतं, आणि मीही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा निघाले. माझी पेटी खाटेखाली होती तिथंच होती. त्यांनी पोह्यांचं गाठोडं सुतारांना दिलं, माझ्या वाटणीचे पोहे वेगळे काढून. पाद्री फाटकापर्यंत आले. आप्पा त्यांना म्हणाले, "पोर ठेवून चाललोय, सायेब. हात कच्चा हाय त्येचा. पर चुकलं तर सांगतंय. तेवढं बघितलं म्या."

मग माझ्याकडे न बघता ते स्टेशनच्या रस्त्याला लागले.