सॅम्युएलसरांचा लाभांश

पनवेलच्या आमच्या इमारतीत वर्षातून एकदा तळमजल्यावरून मलिद्याचं ताट फिरायचं. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर केळ्याचे काप. कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायली घरांत नवस फेडताना, शुभकार्याला मलिदा करतात. आमचे सॅम्युएलसर मात्र तो करायचे कंपनीने त्यांना काहीही दिलं नाही म्हणून. एकदा दारावर मासळी घेऊन येणाऱ्या हिराबायने विचारलं, "सर, कसला नवस फेडला?"

"काही मिळालं नाही, त्याचा."

"मिलालं नाय तर आमी देवाशी भांडतो," असं म्हणून तिने आणखी एक मूठ घेतली.

सरांनी मला शाळेत गणित शिकवलं. पुढे मी कर सल्लागार झालो आणि त्यांच्या दारासमोरच ऑफिस थाटलं, त्यामुळे त्यांचे शेअरचे व्यवहार आपसूक माझ्याकडे आले. व्यवहार कसले, निवृत्तीचे पैसे घालून घेतलेली एक पाईप बनवणारी कंपनी. तिचं नाव सांगत नाही, ती अजून चालू आहे. ह्या कंपनीने जन्मात लाभांश दिला नव्हता, पण तिचं लाभांश धोरण होतं, चांगलं जाडजूड. लाभांश केव्हा द्यावा ह्याला एक परिच्छेद आणि भागधारकांनी त्याची अपेक्षा केव्हा करू नये ह्याला उरलेली सगळी पानं. नफा नसताना करू नये. नफा असून विस्तार करायचा असताना करू नये. विस्तार नसला तरी बाजार अनिश्चित असताना करू नये. सर ते मला वाचून दाखवायचे. "काय मांडणी आहे बघ. एकही पळवाट सोडलेली नाही. तुमच्या वर्गातल्या एकानेही मला असा पेपर लिहून दिला नाही."

ह्या प्रेमाचं मूळ इस्रायलमधल्या अश्दोदला होतं. सरांची मुलगी रूथ लग्न होऊन तिकडे गेली होती. बाकीचे नातेवाईकही केव्हाच गेले होते. दर आठवड्याला तिचा फोन यायचा, "पप्पा, या ना आता." सरांना जायचं नव्हतं. बायको इथल्या कबरस्तानात होती. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवताना आधीच मारामार. "त्यातला मी उठून गेलो तर बाकीच्यांनी काय करायचं?" असं ते मला विचारायचे. रूथला विचारायची मात्र हिंमत नव्हती. "मुलीला नाही म्हणायचं नसतं, मुदत द्यायची असते," हे त्यांचं तत्त्व. त्यांनी दिलेली मुदत अशी : कंपनीने पहिला लाभांश दिला की तिकीट काढतो. आणि सर शब्दाला पक्के.

कंपनीची वार्षिक सभा हल्ली कॉम्प्युटरवर होते. सर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या ऑफिसात बसायचे आणि नाव नोंदवून बोलायचे. आधीचे भागधारक लाभांशासाठी अध्यक्षांना धारेवर धरत. मग सरांची पाळी. "अध्यक्षमहाराज, ह्यांचं ऐकू नका. मोहाला बळी पडू नका." अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी राहायचं.

पण विमानतळ आला. उलव्यात जिकडे बघावं तिकडे बांधकाम, आणि बांधकाम म्हटलं की पाईप आलेच. शहर वाढतंय म्हणून लोक खूश, सर पेपर वाचून खोल आवाजात म्हणायचे, "सुकापूरला आणखी एक टॉवर." माणूस गेल्याची बातमी सांगावी तसं. शेवटी व्हायचं ते झालं. कंपनीने लाभांश जाहीर केला.

सर माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा पार उतरलेला. मी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, "अजून हातात पडलेला नाही ना?"

"नाही. ठरलेल्या तारखेला ज्याच्या नावावर शेअर असतील त्याला मिळेल."

"मग आजच वीक सगळे."

भाव चढलेला होता. सरांना घसघशीत फायदा झाला आणि ते आणखीनच कष्टी झाले. मग म्हणाले, "आता दुसरी बघ. कधीच काही देणार नाही अशी." अशी मागणी माझ्याकडे दुसऱ्या कोणी आजवर केलेली नाही. मी एक शोधली. सरांनी ताळेबंदावरून बोट फिरवत विचारलं, "तोटा आहे ना? नक्की? पुढे सुधारण्याची लक्षणं?"

"अजिबात नाहीत."

"घे," सर म्हणाले. त्या वर्षी मलिद्यात बेदाणेही होते.

सर गेले ते इथेच, दुपारच्या झोपेत. रूथताई पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. दहा माणसं जमली होती, हे मी तिला आवर्जून सांगितलं. चार दिवसांनी ती कागदपत्रं बघायला माझ्या ऑफिसात आली. तिच्या वडिलांच्या पैशाचं मी काय केलं होतं हे कसं सांगावं? सर मला फार जवळचे होते, पण हे कुठल्याही हिशेबात बसणारं नव्हतं. मी चाचरत म्हटलं, "ताई, ती पाईपची कंपनी त्यांनी मध्येच विकली."

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "माझ्या लग्नात पप्पांनी तिचे थोडे शेअर मलाही दिले होते. विसरले असतील. लाभांश माझ्या खात्यात आला."

मी हातातली फाईल मिटली.

"त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन केला. विचारलं, 'पप्पा, दिला का काही कंपनीने?' म्हणाले, 'कुठलं गं.' आवाज इतका घाबरलेला होता." तिने डोळे पुसले. "मग मीच म्हटलं, 'असू दे पप्पा, पुढच्या वर्षी देतील.'"