दोष दाखवून घर विकणारी बाई

ते प्रकरण मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण फिर्यादीच्या घरातून चोरीला काहीच गेलं नव्हतं. उलट कोणीतरी कुलूपबंद घरात शिरून दोन भिंतींना सफेदी करून गेलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नेरूळची वस्ती तेव्हा नुकती भरत होती, रेल्वे यायची होती. त्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात मी महिला शिपाई होते. शिक्षण सातवी. ठाण्यात बाई मी एकटीच, त्यामुळे कोणतीही बाई तक्रार घेऊन आली की तिला माझ्याकडे पाठवायचे. ही बाई सकाळची हजेरी चालू असतानाच आली. चाळिशी उलटलेली, विधवा, औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी. माहेर उरणकडचं. पंधरा दिवस ती तिकडे बहिणीकडे राहून आली होती. परत आली तर कुलूप जागेवर, भांडी जागेवर आणि भिंती पांढऱ्याशुभ्र.

आमचे फौजदार वयाने तरुण होते. ते म्हणाले, "या चोराला माझ्या क्वार्टरचा पत्ता द्या. मी पण कुलूप लावून गावाला जातो."

सगळे हसले. बाई हसली नाही. "साहेब, भिंतीवर मी लिवलं होतं, ते कोनी पुसलं? फुकट काम करनारा मानूस मी आजवर बगितला नाय," ती म्हणाली.

फौजदारांनी अदखलपात्र नोंद करायला सांगितली आणि मला घर बघून यायला पाठवलं.

घर बैठं होतं, एक खोली आणि स्वयंपाकघर. दारावर पुठ्ठा टांगलेला: 'घर विकणे आहे. दलालांनी येऊ नये.' उरणला बंदराचं काम निघालं होतं. तिथे कामगारांसाठी खानावळ काढायचं तिने ठरवलं होतं. बहिणीने जागा बघून ठेवली होती आणि जागेचा मालक दिवाळीपर्यंत थांबणार होता. तिच्याजवळ विकण्यासारखं एवढं घरच होतं.

भिंतीवर काय लिहिलं होतं असं मी विचारलं. ते ऐकून मी चाटच पडले. घराचे सगळे दोष तिने गेरूने भिंतीवर लिहून ठेवले होते. पाणी झिरपतं त्या जागेभोवती गोल काढून 'इथे गळतं'. खिडकीखाली 'हा तडा दोनदा बुजवला'. घर बघायला येणाऱ्याला आधी ती हे वाचायला लावायची. चार महिन्यांत बरेच जण येऊन गेले होते, घर विकलं गेलं नव्हतं.

मी म्हटलं, "अशाने कोण घेणार?"

"मी घेतलं तवा मला कोनी सांगितलं नाय, बाई. पावसात पोरीचं अंथरून भिजलं, आता ती सासरी हाय. माज्या घरात दुसऱ्या कोनाची पोर भिजायला नको."

तिला मी भोळी समजले होते. ती भोळी नव्हती. किमतीतला एक पैसा सोडायला ती तयार नव्हती. दोष धरूनच किंमत लावली आहे, ज्याला पटेल तो घेईल, असा तिचा हिशेब होता.

कडी-कोयंडा शाबूत होता, म्हणजे घर किल्लीनेच उघडलं होतं. तिथे नळाला पाणी ठरावीक वेळेलाच यायचं. म्हणून गावाला जाणारा माणूस शेजारी किल्ली ठेवून जायचा आणि परतायच्या दिवशी शेजारी पिंप भरून ठेवायचे. हिची किल्ली शेजारच्या कारकुनाकडे होती. मुंबईत कचेरीत नोकरी, सोसायटीचा चिटणीस, अख्ख्या ओळीचे कागद वाचून देणारा माणूस. घर हिच्या नावावर असल्याचं वाटपपत्रही नक्कल काढून देतो म्हणून त्याने नेलं होतं. मी त्याला सहज विचारलं. आपण फक्त पाणी भरलं, सफेदीचं काही माहीत नाही, असं त्याने सांगितलं. मी जास्त खोदलं नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला पहिल्याच दिवशी सावध करू नये, हे मी जुन्या हवालदारांकडून शिकले होते.

दोन दिवस सकाळी साडी नेसून, युनिफॉर्म न घालता, मी मजूर उभे राहतात त्या नाक्यावर गेले. ओल्या भिंतीवर सफेदी कोणी केली, एवढंच विचारत होते. दुसऱ्या दिवशी एक रंगारी भेटला. त्याला काम चांगलं आठवत होतं, कारण त्यावरून त्याचं काम देणाऱ्या माणसाशी वाजलं होतं.

"मी बोललो, साहेब, भिंत ओली आहे, सफेदी धरणार नाय, पोपडे येतील. तर तो बोलला, आठ दिवस टिकली तरी बस."

आठ दिवस. राहणारा माणूस असं म्हणत नाही. ज्याला रविवारी कोणाला तरी घर दाखवायचं आहे, तो म्हणतो.

रंगाऱ्याने जबाबात केलेलं वर्णन कारकुनाचंच होतं, तेव्हा फौजदारांनी त्याला बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. सभ्य माणसाला खुर्ची मिळाली की तो जास्त बोलतो. आधीचं बोलणं त्याने फिरवलं. हो, सफेदी मीच केली, म्हणाला. बाई एकटी, बहिणीसारखी, भिंतीवर लिहून ठेवून स्वतःचंच नुकसान करून घेते, म्हणून स्वतःच्या खर्चाने केली. ऐकायला इतकं चांगलं होतं की फौजदारांनी पेन खाली ठेवलं.

बाई बाकावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "इतकी बहीन मानतोस, तर भाऊबीजेला कदी आला नायस."

मी फौजदारांची परवानगी घेऊन एकच प्रश्न विचारला. बहिणीसाठी केलेलं काम आठच दिवस टिकायला का हवं होतं? तो म्हणाला, असं मी कोणाला बोललो नाही. मी बाहेर बसवलेल्या रंगाऱ्याला आत आणलं. कारकुनाने त्याच्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं. तिथून पुढे फार वेळ लागला नाही.

पंचांसमक्ष त्याच्या घराची झडती घेतली. बाईच्या नावाची खोटी सही केलेलं मुखत्यारपत्र, तिचं वाटपपत्र आणि गिरगावातल्या एका जोडप्याकडून घेतलेला बयाणा मिळाला. मालकीण गावी आजारी आहे, विक्री माझ्याकडे सोपवली आहे, असं सांगून त्याने रविवारी घर दाखवलं होतं. दारावरचा पुठ्ठा तेवढ्यापुरता काढून ठेवला होता. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज, असा गुन्हा दाखल झाला. बाईने पोपडे यायची वाट बघितली असती, तर तोवर खोटी विक्री होऊन घर कोर्टात अडकलं असतं आणि खानावळीची जागा गेली असती. भिंत पांढरी झाली म्हणून पोलिसांत येणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

जबाबासाठी ते जोडपं ठाण्यात आलं. बायकोच्या कडेवर लहान मूल होतं. बयाणा पुढे कोर्टाच्या हुकमाने परत मिळाला, पण त्या दिवशी दोघांचे चेहरे बघवत नव्हते. बाईने त्यांना धीर वगैरे दिला नाही. "घर बगायचं तर चला, आता मालकीन दाखवते," एवढंच म्हणाली. मीही बरोबर गेले. भिंत पांढरी होती. तिने बोटाने एकेक जागा दाखवली, कुठे गळतं, कुठे तडा आहे, किती दुरुस्ती लागेल.

नवरा वैतागून म्हणाला, "अहो बाई, मग या घरात चांगलं काय आहे ते तरी सांगा."

"ते सांगायला दलाल ठेवावा लागतो," ती म्हणाली. "मी ठेवला नाय."

बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली असावी. त्यांनी घर घेतलं. किंमत तिने तेवढीच घेतली, आणि मला ते आवडलं. दिवाळीच्या आधी ती उरणला गेली.

या प्रकरणानंतर माझी जबाब घ्यायची पद्धत बदलली. फिर्यादी असो वा आरोपी, मी आधी विचारायचे, तुमचं स्वतःचं काय चुकलं ते सांगा. बहुतेक जण गप्प बसायचे किंवा चिडायचे. आधी स्वतःचा दोष घडाघडा सांगणारी माणसं मला पुढच्या सगळ्या नोकरीत मोजून चार भेटली. त्यांच्या पुढच्या बोलण्यातला एकही शब्द तपासात खोटा निघाला नाही.